गेनूभाऊची पहार

गेनूभाऊ बोलायच्या आधी काहीतरी आपटायचा. टेबल असेल तर टेबल, पत्रा असेल तर पत्रा, काहीच हाताशी नसेल तर स्वतःची मांडी. तो आवाज झाला की आम्ही बायका हातातलं काम थांबवायचो. आता शिवी येणार की हुकूम, हे ऐकल्याशिवाय कळत नसे. बहुतेक वेळा दोन्ही एकदम येत.

तो मेल्यावर गावच्या कमानीला फ्लेक्स लागला. गुलाबाची जुडी धरलेला त्याचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरात ‘शांत, संयमी, मनमिळाऊ’. मी चौथीपर्यंत शिकले, तेवढं वाचता येतं. मला भर रस्त्यात हसू आलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. माणूस मेला म्हणून त्याच्या अंगात दुसऱ्याचे कपडे घालू नयेत. म्हणून हे लिहिते.

आमचं गाव कार्ल्याच्या पुढं, इंद्रायणीच्या काठाला. मी कुसगावची, लग्न होऊन इकडे आले. आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन भाताच्या खाचराकडे निघाले होते. बांधावर एक दांडगा पोरगा दुसऱ्याच्या मानेवर गुडघा देऊन त्याचं तोंड चिखलात दाबत होता. खालचा पाय झाडत होता, मग झाडणं कमी झालं. मी पाटी खाली ठेवली आणि वरच्याच्या पाठीत लाथ घातली. तो बाजूला पडला. खालचा उठून चिखल ओकत पळाला.

“कोन गं तू?” गेनूभाऊ म्हणाला.

“कोंडूची बायकू.”

“म्हंजी वैनी लागतीस.” त्यानं पाठ चोळली. “त्यानं माजा बांध फोडला, पानी वळवून घेतलं. आन लाथ तू मला घालतीस?”

“तो मेला असता.”

“मेला असता तर बांध कुनी बांधला असता? मी काय मारीत न्हवतो. समजावीत होतो.”

असं त्याचं समजावणं. पुढे आयुष्यभर मी त्याच्या समजावण्याच्या आसपास राहिले. त्याच्या बायकोला, यमुनाला, त्यानं एकदा समजावलं. ती सुजलेला गाल घेऊन माझ्या दारात आली. मी तिला चहा दिला, चुलीजवळची लोखंडी फुंकणी तिच्या हातात दिली आणि घरी पाठवली. त्यानंतर त्यानं तिच्यावर हात उचलला नाही. त्याच्या डाव्या कानावर शेवटपर्यंत खूण होती. कुणी विचारलं तर सांगायचा, “वैनीनं दिल्याली हाय.”

भातात काही राहिलं नाही आणि आजूबाजूच्या जमिनी बंगल्यांना जायला लागल्या, तेव्हा गेनूभाऊनं सरकारी योजनेतून पॉलिहाऊस घातलं. लोखंडी नळ्यांवर पांढरा प्लॅस्टिकचा कागद, आत गुलाब. गाव हसलं. फुलं काय खायची आहेत, असं म्हणालं. वर्षभरात त्याच्याकडे गावातल्या निम्म्या बायका कामाला होत्या, मीही होते. आमच्या वस्तीतल्या आणि बौद्धवाड्यातल्या बायका एका टेबलाला उभ्या राहून दांड्या मोजायला लागल्या, ते आधी कधी झालं नव्हतं. कुणी त्यावरून कुरकुर केली तेव्हा गेनूभाऊनं टेबलावर मूठ आपटली आणि म्हणाला, “विमानात फुलाला कुनी जात इचारीत न्हाई. हात चालवा.”

कारण ती फुलं विमानानं जायची. तिकडे परदेशात फेब्रुवारीत एक दिवस असतो, त्या दिवशी बाप्ये बायकांना लाल गुलाब देतात. वर्षभर फुलं पुण्या-मुंबईच्या बाजारात जेमतेम भाव घेत, पण फेब्रुवारीतला एक लॉट बाहेर गेला की पॉलिहाऊस पुढचं वर्ष उभं राही आणि आम्हा बायकांचं काम टिके. सगळा जीव त्या एका लॉटात. बाहेर जायला दांडी लांब हवी, सरळ हवी आणि कळी घट्ट मिटलेली हवी. थोडी जरी उघडली तरी माल परत.

गेनूभाऊ रोज सकाळी आत येऊन म्हणायचा, “उमललं की मेलं.” हे त्याचं सकाळचं रामराम. फुलावर त्याची माया नव्हती. लोणावळ्याहून पर्यटक यायचे, फुलांत उभं राहून फोटो काढू का म्हणायचे. तो त्यांना पहार दाखवायचा.

ती पहार सांगायची राहिली. पुरुषभर उंचीची लोखंडी पहार, बापाच्या वेळची. खांब रोवायला आणलेली, पण तो ती काठीसारखी घेऊन फिरायचा. जिथं उभा राहील तिथं जमिनीत रोवायचा आणि तिला टेकायचा.

कापलेली फुलं गाडी येईपर्यंत कोल्डरूममध्ये ठेवायची. जाड भिंतीची गार खोली. तिला मोठी वीज लागते, मोटारीला लागते तीच, आणि ती वीज शेताला दिवसातले ठरावीक तासच येते. बाकीच्या वेळी जनरेटर. जनरेटरला डिझेल. तो सुरू झाला की गेनूभाऊचं तोंड कडू व्हायचं. “वैनी, ऐक. फुलं वरडाय लागली. माजा नफा पितोय त्यो,” म्हणायचा.

नदीवरच्या पाण्याच्या मोटारीला वीज स्वस्त, मीटरही नाही. कोल्डरूमला मीटर आणि वर चढा दर. त्यावरून तो वीज ऑफिसात भांडून आला. तिथल्या साहेबानं सांगितलं की फूल पिकवणं ही शेती, गार करून ठेवणं हा धंदा. गेनूभाऊनं साहेबाच्या टेबलावरची काच फोडली आणि घरी येऊन आम्हाला सांगितलं, “फूल झाडाला हाय तवर मी शेतकरी. कातर लागली की मी कारखानदार. एका कातरीत येवडी परगती कुनाची झाली न्हाई.”

ज्या वर्षी पहिल्यांदा लॉट गेला, म्हणजे हातातून गेला, त्या वर्षीचं सांगते. कोल्डरूम छतापर्यंत भरली होती. गाडी दोन दिवसांवर. सकाळी मोठी वीज आली आणि गावच्या डीपीचा, म्हणजे खांबावरच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा, आवाज झाला. बॉम्ब फुटावा तसा. काळा धूर, तेल गळायला लागलं. दुसरा डीपी यायला आठवडा लागतो. जनरेटर सलग चालला आणि दुसऱ्या दिवशी तोही बसला.

गाडी आली तेव्हा आम्ही दार उघडलं. आतून ऊब आली आणि वास आला, लग्नाच्या मांडवात येतो तसा. सगळी फुलं उघडलेली. इतका सुंदर माल मी आयुष्यात पाहिला नव्हता. गाडीवाल्यानं एक जुडी उचलली, ठेवली आणि रिकामी गाडी घेऊन गेला.

गेनूभाऊनं कोयता आणला. बादल्या एकेक करून बाहेर ओतल्या आणि फुलं तोडत बसला. ऊस तोडावा तसा. पाकळ्या त्याच्या केसांत, तोंडावर, घामाला चिकटलेल्या. एक बाई म्हणाली, देवळात तरी देऊ. त्यानं कोयता तिच्या पायाजवळ जमिनीत मारला. सगळं तोडून झाल्यावर तो उठला आणि वायरमनला शोधायला गेला.

वायरमन बिचारा वडगावकडचा, बारीक माणूस. गेनूभाऊनं त्याला मोटारसायकलवरून कॉलरला धरून खाली ओढला, फरपटत आणला आणि कोल्डरूमच्या दारात आपटला. त्याचं नाक फुटलं.

“डीपी का जाळला?”

“मी कशाला जाळू भाऊ? तुमची भावकी जाळतीया.”

गेनूभाऊनं पुन्हा हात उचलला.

“मारा, पन ऐका तरी,” वायरमन नाक धरून म्हणाला. “गावात प्रत्येक मोटारीला ऑटो हाय. वीज आली की सगळ्या मोटारी एकदम उठत्यात. एवडा भार एका दमात आला की डीपी काय करंल? तुमचा सुदिक ऑटो हाय.”

ऑटो म्हणजे स्टार्टरला जोडलेलं एक लहान यंत्र. वीज कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून शेतकरी ते लावतात. वीज आली की माणूस नसला तरी मोटार आपोआप सुरू होते. मोटारीचं बिल ठरलेलं, ती चालली काय न चालली काय तेवढंच, तेही निम्मे लोक भरत नाहीत. मग बंद कोण करणार? आमच्या गावात मोटारी स्वतःच उठायच्या आणि वीज जाईपर्यंत पाणी ओतायच्या. उसात पाणी तुंबून बेडूक ओरडायचे.

गेनूभाऊचा उचललेला हात खाली आला. त्यानं वायरमनला उठवलं, स्वतःच्या टॉवेलानं त्याचं नाक पुसलं आणि चहा पाजला. वायरमन चहा प्यायला आणि मग त्यानं पोलिसात तक्रार दिली. गेनूभाऊ चौकीत जाऊन मार खाऊन आला. “बराबर हाय,” म्हणाला. “चुकीच्या मानसाला मारलं, त्याचा हिशोब झाला. आता बराबर मानूस गावला.”

पुढच्या वर्षी कळ्या धरायच्या आधी त्यानं भैरवनाथाच्या देवळात माणसं जमवली. पहार घरी ठेवून आला होता. मी त्याला जन्मात हात जोडताना पाहिलं नव्हतं, तो हात जोडून उभा राहिला.

“फेब्रुवारीपुरते ऑटो काढा,” तो म्हणाला. “पाळी लावू. आज वरच्या आळीच्या मोटारी, उद्या खालच्या. हातानं चालू करायच्या, हातानं बंद. डीपी टिकंल, तुमचा ऊस बी भिजंल.”

त्याचा थोरला भाऊ तिथं पुढेच बसला होता. गाव त्यांना आबा म्हणतं. गावातला सगळ्यात मोठा ऊस त्यांचा. ते मांडी न सोडता म्हणाले, “बिल तेवडंच येतं, मंग बंद कशापायी करू?”

“आबा, डीपी जळतो.”

“जळला तर सरकार दुसरा देतं. तुजी फुलं गोऱ्या बाया डोसक्यात घालनार, म्हनून मी थंडीचं उटून नदीवर बटन दाबाया जाऊ?”

देवळात हशा झाला. आणखी कुणी म्हणालं, “गेनूभाऊ, तू येत जा की घरोघर बटन दाबाया.” गेनूभाऊनं जोडलेले हात सोडले. मग त्यानं देवळाच्या घंटेला बुक्की मारली. घंटा वाजली, त्याच्या बोटांतून रक्त आलं आणि तो निघून गेला.

फेब्रुवारीत कोल्डरूम पुन्हा भरली. मोठी वीज त्या दिवशी दहाच्या सुमाराला येणार होती. सकाळी चहाच्या वेळेला नदीकडून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. आम्ही बायका कातर्‍या टाकून पळालो.

त्यानं सुरुवात स्वतःच्या मोटारीपासून केली होती. त्याचा स्वतःचा ऑटो स्टार्टरच्या पत्र्याच्या पेटीसकट चेंदामेंदा होऊन पडला होता. मग पुढची मोटार, मग त्याच्या पुढची. पहार खांद्यावरून यायची आणि एका घावात पेटी आत जायची. लोक दगड मारत होते. एक दगड त्याच्या कपाळाला लागला, एक पाठीत. तो मागे बघत नव्हता. एकानं कुत्रं सोडलं, ते पहारीचा आवाज ऐकून परत गेलं.

आबा आपल्या मोटारीपुढे फावडं घेऊन उभे होते.

“बाजूला व्हा आबा.”

“आधी मला हान.”

“तुमाला हानायचं न्हाई मला. पेटीला हानायचंय.”

आबांनी फावड्याचा दांडा त्याच्या डोक्यात घातला. गेनूभाऊ गुडघ्यावर गेला, उठला. आबांनी दुसऱ्यांदा दांडा उचलला आणि गेनूभाऊनं पहार आडवी फिरवली. आबांचा उजवा हात कोपराच्या खाली मोडला. हाड कातडीतून बाहेर आलेलं मी पाहिलं. आबा खाली बसले. गेनूभाऊ त्यांच्या अंगावरून पुढे गेला आणि त्यानं त्यांची पेटी फोडली.

तेवढ्यात वीज आली. देवळावरच्या दिव्यावरून कळलं. सगळे डीपीकडे बघायला लागले. डीपी नुसता गुणगुणत राहिला. नदीवर एकही मोटार उठली नाही. इतकी शांतता मी त्या काठाला कधी ऐकली नव्हती.

लॉट विमानाला गेला. गाडी भरताना गेनूभाऊ खोक्यावर बसला होता, डोक्याला यमुनाचा पदर बांधलेला, अर्ध्या चेहऱ्यावर रक्त वाळलेलं. एक खोकं उचलायला तो पुढे झाला, मग स्वतःच मागे सरला. “मला हात लावू देऊ नका,” म्हणाला. “खोक्याला रगत लागलं तर तिकडनं परत धाडत्याल.”

आबांनी तक्रार दिली नाही. बाकीच्यांनी दिली. गेनूभाऊ पुन्हा चौकीत गेला, पुन्हा मार खाऊन आला आणि फुटलेल्या पेट्या त्यानं सगळ्यांना भरून दिल्या, ऑटो सोडून. गाव त्याला घाबरलं. घाबरून त्यांनी पाळी लावली. आमच्या गावात समजूत अशी पटते, मी काय करू.

आबांचा हात वाकडाच जुळला. ऊस वाळायला लागला, कारण घरात दुसरं कुणी नव्हतं. मग गेनूभाऊ त्यांच्या उसाला पाणी द्यायला जायला लागला. कुणी सांगितलं नव्हतं. दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. आबा ओट्यावर बसायचे, गेनूभाऊ त्यांच्यासमोरून जायचा, पहार ओट्याच्या पायरीवर आपटायचा, म्हणजे ‘चाललो’. येताना पुन्हा आपटायचा, म्हणजे ‘भिजला’. मी एकदा म्हटलं, तोंडानं बोला की. तो म्हणाला, “हात मोडला त्याचा मी. बोलून काय त्यो सरळ व्हनार हाय? पानी देऊन ऊस तर सरळ राहील.”

रोज येईलच असं नव्हतं. पॉलिहाऊसमध्ये काम असलं की दोन-दोन दिवस जायचे. आबांनी मग कार्ल्याहून एक माणूस आणला आणि नवा ऑटो बसवून घेतला. गेनूच्या पहारीच्या भीतीनं त्यांनी तो पेटीच्या आत, मागच्या बाजूला लपवून बसवायला सांगितला. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. कुणाला सांगितलं नाही.

पाइपाचं तोंड नदीत असतं, त्याला जाळी असते. ती जलपर्णीनं भरली की पाणी ओढत नाही. त्या दिवशी वीज दुपारी यायची होती. गेनूभाऊ सकाळी आबांच्या पायरीवर पहार आपटून नदीवर गेला. पहार काठाला रोवली, कंबरभर पाण्यात उतरला आणि लोखंडी पाइप एका हातानं धरून दुसऱ्यानं जलपर्णी ओढायला लागला. मोटारीची वायर जुनी, ठिकठिकाणी सोललेली. ते त्याला माहीत होतं. पण मोटार हातानं चालू केल्याशिवाय चालू होत नाही, हेही त्याला माहीत होतं. ते त्यानंच केलं होतं.

वीज लवकर आली. ऑटो नसता तर ती येऊन स्टार्टरपाशी बसून राहिली असती.

मी पलीकडच्या बांधावर गवत कापत होते. मोटार उठल्याचा आवाज ऐकला आणि मान वर केली. गेनूभाऊ पाइपाला धरून उभाच होता. नुसता थरथरत होता, आणि सोडत नव्हता. मी पळत जाऊन पेटीवर खुरपं मारलं, बटण खुरप्याच्या लाकडी मुठीनं खाली पाडलं. मोटार थांबली तेव्हा तो पाण्यात आडवा झाला. हात काळा पडला होता. आम्ही त्याला वर काढला तेव्हा त्याच्या मुठीत जलपर्णीचं एक फूल होतं, जांभळं, पूर्ण उमललेलं. मी ते काढून टाकलं.

आबा वाकडा हात पोटाशी धरून आले. पेटीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. मला म्हणाले, “सरू, एका हातानं मी रोज कितींदा नदीवर येनार हुतो?” त्यांना मारायला माझ्या हातात खुरपं होतं. मारलं नाही, एवढंच.

पॉलिहाऊस यमुना चालवते. फेब्रुवारीत गाडी येते, भरून जाते. गावातले बरेच ऑटो हळूहळू परत आले. डीपी मधूनच जळतो, यमुनाचा जनरेटर डिझेल पितो. फ्लेक्स आबांनी लावला होता. मी त्यांना विचारलं, शांत कुठला? ते म्हणाले, “आता हाय की.”

आबांच्या मोटारीला ऑटो नाही. ते स्वतः जातात, ऊन असो, थंडी असो. गेनूभाऊची पहार तिथंच काठाला रोवलेली आहे. आबा ती डाव्या हातानं उपसतात, पाइपावर एकदा जोरात आपटतात आणि नदीत कुणी आहे का ते वाकून बघतात. मग बटण दाबतात. आवाज पार पॉलिहाऊसपर्यंत येतो. आमचे सगळ्यांचे हात थांबतात, पुढची शिवी येईल म्हणून.